छावणीतलं जन्मस्थळ : महूचं प्रकरण

इंदूरपासून सुमारे २३ किलोमीटरवर महू आहे. सरकारी कागदांवर २००३पासून ते डॉ. आंबेडकर नगर झालं, रेल्वे स्थानकाच्या पाटीवरही तेच नाव आहे, पण बोलताना अजून सगळे महूच म्हणतात. ऐंशी हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव लष्कराने लष्करासाठी वसवलं आणि त्याचा संसार आजही लष्करी शिक्षणसंस्थांभोवती चालतो. याच गावाच्या काळी पलटण भागात १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. ती जागा पुढची कित्येक दशकं कुणी जपली नाही. आज तिथे संगमरवरी स्मारक आहे आणि दर एप्रिलला तिथली गर्दी लाखाच्या पुढे जाते.

हे प्रकरण या एका परिस्थितीचं आहे. देशाच्या घटनेच्या शिल्पकाराचं जन्मस्थळ संरक्षण खात्याच्या जमिनीवर, छावणीच्या कायद्याखाली, महाराष्ट्राबाहेर आहे आणि तिथे येणारी मोठी संख्या मराठी बोलणाऱ्यांची आहे. जागा विस्मरणात कशी गेली, परत कशी मिळाली, आजची व्यवस्था कशी चालते आणि छावणी बोर्डांचीच रचना बदलू घातलेली असताना पुढे काय, हे मला इथे मांडायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जिथे जमीन राहणाऱ्याची नसते आणि माणूस बदलीवर असतो, तिथे आठवण धरून ठेवणारं कुणी उरत नाही. ती बाहेरच्यांना आणावी लागते. महूची आठवण वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा आणि नागपूरकडच्या माणसांनी आणली. तासाभराच्या अंतरावर असलेल्या इंदूरच्या जुन्या मराठी समाजाने ती आणली नाही. यातला पहिला भाग व्यवस्थेचा आहे आणि दुसरा आपला, इंदूरच्या मराठी माणसांचा.

एका तहाची दोन गावं

२१ डिसेंबर १८१७ रोजी शिप्रेच्या काठी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. पाठोपाठ ६ जानेवारी १८१८ला मंदसौरचा तह झाला. गादीवर अल्पवयीन दुसरे मल्हारराव होते आणि दरबाराच्या वतीने बोलणी तात्या जोगांनी केली. तहाने होळकरांचा बराच मुलूख गेला, इंग्रजांच्या फौजेला राज्यात ठाणं मिळालं आणि दरबाराची राजधानी इंदूरला स्थिरावली. महूची छावणी त्याच वर्षी सर जॉन माल्कम यांनी वसवली. म्हणजे राजधानी म्हणून इंदूर आणि छावणी म्हणून महू, दोन्ही एकाच तहाची लेकरं आहेत.

आणखी एक तारीख याच आठवड्यातली आहे. मंदसौरच्या तहाच्या अवघे पाच दिवस आधी, १ जानेवारी १८१८ला, भीमा कोरेगावची लढाई झाली. तिथे कंपनीच्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने लढले. पेशव्यांच्या शेवटच्या युद्धातली ही लढाई आणि होळकरांचं मांडलिकत्व जानेवारीच्या एकाच आठवड्यातलं, आणि मराठी माणसं दोन्ही बाजूंना होती. इंदूरच्या मराठी घरांत होळकरशाहीचा इतिहास आवडीने सांगितला जातो. अहिल्याबाई, तुकोजीराव, राजवाडा, सगळं तोंडपाठ असतं. पलटणीबरोबर माळव्यात आलेल्या मराठी माणसांचा इतिहास मात्र त्या सांगण्यात येत नाही. महूचं प्रकरण समजायचं तर हे दोन्ही धागे हातात असायला हवेत.

१८५७ साली पुन्हा दोन्ही गावं एकाच दिवशी पेटली. १ जुलैला सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्यावर, सआदत खानाच्या पुढाकाराने हल्ला झाला आणि त्याच रात्री महूच्या देशी पलटणी उठल्या. कर्नल प्लॅटसह काही इंग्रज अधिकारी मारले गेले. यानंतर महूतला गोऱ्या फौजेचा बंदोबस्त वाढला. पुढच्या काळात ते मोठ्या लष्करी विभागाचं मुख्यालय झालं.

कुणाची जमीन, कुणाचा बंगला

पुणे, खडकी, देवळाली किंवा कामठीत राहिलेल्या वाचकाला छावणीचा नकाशा सांगावा लागणार नाही. एका बाजूला रुंद सावलीचे रस्ते, लांबरुंद आवारातले बंगले, बराकी, परेडचं मैदान, चर्च. दुसऱ्या बाजूला दाटीवाटीचा सदर बाजार. महूतही हेच आहे. मॉल रोडवर शांतता आणि मेन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नाही.

सदर बाजारातली वस्ती पलटणीच्या गरजांमधून घडली. पारशी आले, त्यांची अग्यारी अजून आहे. बोहरी व्यापारी आले, गोव्याकडचे ख्रिस्ती आले, मारवाडी आणि गुजराती आले, उत्तरेकडचे कारागीर आले, कोकणातले आणि देशावरचे मराठी शिपाई आपल्या कुटुंबांसह आले. एवढ्या लहान गावात इतक्या प्रकारची माणसं पिढ्यान्पिढ्या शेजारी राहिली, याचा महूकरांना अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. इथला पोरगा चार भाषांत शिवी आणि पाच धर्मांचे सण ओळखतो, असं जुनी माणसं सांगतात.

बाजारात एक धंदा मी बराच वेळ उभा राहून पाहिला आहे, तो पेट्या रंगवण्याचा. पत्र्याची काळी ट्रंक, तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात हुद्दा, नाव, युनिट आणि पोहोचायचं ठिकाण. कोर्ससाठी आलेला अधिकारी किंवा जवान परत निघाला की पेटी दुकानात येते. रंगारी आधी जुन्या ओळीवर काळा हात मारतो, तो वाळू देतो, मग खडूने दोन समांतर रेघा ओढून त्यांच्यात नवीन अक्षरं बसवतो. नाव तेच, ठिकाण नवं. पेटी तिरकी धरली की जुन्या अक्षरांचा उंचवटा काळ्या रंगाखाली दिसतो, पण वाचता येत नाही. दुकानदाराला विचारलं, एखादं नाव लक्षात राहतं का? तो म्हणाला, “साहेब, नाव कशाला लक्षात ठेवायचं, माणूस तर जाणारच असतो.” शेजारच्या शिंप्यांच्या दुकानांतही हाच हिशेब. फिती, बिल्ले, नावाच्या पट्ट्या, सगळं तातडीचं, कारण उद्या गाडी आहे.

आज महूत इन्फंट्री स्कूल, मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग आणि आर्मी वॉर कॉलेज या तीन मोठ्या संस्था आहेत. तिन्ही शिक्षणसंस्था असल्यामुळे इथला लष्करी माणूस इतर छावण्यांपेक्षाही कमी काळ टिकतो. काही आठवडे, काही महिने, मग पुढचं ठाणं.

जमिनीचं गणितही असंच आहे. छावणीत जमीन सामान्यतः सरकारची असते. जुने बंगले अनेकदा ‘ओल्ड ग्रँट’ पद्धतीचे असतात. वरचं बांधकाम राहणाऱ्याचं, खालची जमीन सरकारची. सरकारला हवी असेल तेव्हा बांधकामाचा मोबदला देऊन जागा परत घेता येते. काही जागा भाडेपट्ट्याने दिलेल्या असतात. सगळ्याची नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये, म्हणजे छावणीच्या भाषेत ‘जीएलआर’मध्ये असते. ज्यांची नावं तिथे आहेत त्यांची निदान नोंद तरी राहिली. बराकीत किंवा कुटुंबांच्या चाळीत राहणाऱ्या शिपायाचं तिथे काहीच नसतं. सुभेदाराच्या खोलीला सातबारा नव्हता.

सुभेदारांची शाळा

रामजी मालोजी सकपाळ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचे. वडील मालोजी फौजेतच होते. पत्नी भीमाबाई मुरबाडकर घराण्यातल्या, त्यांच्या माहेरीही सुभेदार होते. म्हणजे दोन्हीकडून पलटणीचं घर. रामजी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून शिक्षक होऊन लष्करी शाळेत शिकवू लागले आणि पुढे तिथे मुख्याध्यापक झाले. महूला त्यांचा मुक्काम असताना चौदावं अपत्य जन्मलं, ते भीमराव.

इथे थोडं थांबायला हवं, कारण छावणीची चांगली बाजू इथे दिसते. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं होतं, मुलींनाही. गावच्या शाळेत ज्या मुलाला दाराबाहेर बसवलं असतं, त्याच्या बापाला छावणीत फळ्यासमोर उभं राहून शिकवता येत होतं. रामजी कबीरपंथी होते. घरात अभंग, दोहे, रामायण-महाभारताचं वाचन, इंग्रजीचा आग्रह होता. बाबासाहेबांच्या घडणीत त्या घराच्या शिस्तीचा वाटा किती होता, हे त्यांच्या कुठल्याही चरित्रात सापडतं. ती शिस्त छावणीतून आली होती.

आणि छावणीची दुसरी बाजूही याच वर्षांत उघडी पडली. काही ठरावीक जातीच लढायला लायक, हे ‘लढवय्या जातीं’चं तत्त्वज्ञान इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आणि १८९२च्या सुमारास महारांची फौजेतली भरती बंद झाली. बाबासाहेब तेव्हा महूत पहिली पावलं टाकत असतील. तीन पिढ्यांनी ज्या दारातून शिक्षण आणि मान मिळवला, ते दार बंद झालं. निवृत्त हवालदार गोपाळबुवा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज केला, त्याचा उपयोग झाला नाही. महार रेजिमेंट स्वतंत्रपणे उभी राहायला ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. तिचं केंद्र आज मध्य प्रदेशातच, सागरला आहे.

रामजी १८९४च्या सुमारास निवृत्त झाले आणि कुटुंब आधी दापोलीला, मग साताऱ्याला गेलं. भीमराव तेव्हा दोन-तीन वर्षांचे. पुढे आयुष्यभर त्यांनी सांगितलेल्या बालपणाच्या आठवणी साताऱ्याच्या आहेत. महूची आठवण त्यांच्याकडेही असणं शक्य नव्हतं, आणि भरती थांबल्यामुळे ती सांगू शकणारी माणसंही काळी पलटणीतून ओसरत गेली. जागा विसरली जाण्याची सुरुवात मला इथे दिसते. घर सोडून जाणं हे प्रत्येक शिपायाच्या बाबतीत होतं. इथे शिपायांचा सगळा समाजच पलटणीबाहेर काढला गेला.

मधली ऐंशी वर्षं

या काळाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, आणि तेच या प्रकरणाचं मर्म आहे. बराकी पडल्या, नव्या झाल्या, युनिटं आली-गेली. स्वातंत्र्य आलं, घटना आली, बाबासाहेब गेले. ६ डिसेंबर १९५६ नंतर मुंबईत चैत्यभूमी आणि नागपुरात दीक्षाभूमी ही दोन ठिकाणं लोकांनी आपलीशी केली. दोन्हीकडे शेवटचा निरोप आणि धम्मदीक्षा अशी डोळ्यांनी पाहिलेली घटना होती आणि ती पाहिलेली लाखो माणसं होती. महूला साक्षीदारच नव्हता.

१९७०च्या दशकात भंते धर्मशील यांनी हे काम हातात घेतलं. काळी पलटणीतली जागा निश्चित करणं, स्मारकासाठी समिती उभी करणं आणि सगळ्यांत कठीण म्हणजे संरक्षण खात्याकडून जमीन मिळवणं. छावणीत एक ओटा बांधायचा तरी परवानगी लागते, मग स्मारकासाठी कायमची जागा मागणं म्हणजे किती टेबलांवरून कागद फिरणं, याची कल्पना छावणीत राहिलेल्यांना येईल. अर्जदार तोच राहतो आणि टेबलामागचा अधिकारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला पहिल्यापासून समजावायचं. भंतेजींचं मोठेपण मला या चिकाटीत दिसतं. बदलीवरच्या गावात एक माणूस एका प्रश्नावर वर्षानुवर्षं बसून राहिला.

जन्मशताब्दीला, १४ एप्रिल १९९१ रोजी, मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री सुंदरलाल पटवा यांच्या हस्ते स्मारकाची पायाभरणी झाली. आराखडा वास्तुशिल्पी निमगडे यांचा. पूर्ण वास्तूचं लोकार्पण १४ एप्रिल २००८ला झालं. मधे सतरा वर्षं गेली. आज पांढऱ्या संगमरवरातली ती स्तूपासारखी इमारत दुरून दिसते आणि तिच्यासमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. पुढे केंद्र सरकारने ‘पंचतीर्थ’ म्हणून जी पाच ठिकाणं धरली त्यांत दीक्षाभूमी, चैत्यभूमी, दिल्लीतलं महापरिनिर्वाणस्थळ आणि लंडनमधलं घर यांच्याबरोबर महू आहे. सामाजिक शास्त्रांचं विद्यापीठही बाबासाहेबांच्या नावाने इथे उभं राहिलं.

चौदा एप्रिल

तेरा तारखेच्या दुपारपासून गाव पालटू लागतं. एरवी लष्करी ट्रक आणि सायकलवरचे जवान दिसणाऱ्या रस्त्यांवर महाराष्ट्र पासिंगच्या जीप, टेम्पो, बसगाड्या येतात. अकोला, बुलढाणा, जळगाव, अमरावती, नागपूर. टपावर निळे झेंडे, पंचशील ध्वज, गाद्यांची गाठोडी. बायका पांढऱ्या लुगड्यांत, कडेवर लेकरं. माळव्यात एप्रिलची दुपार भाजून काढते, पण सूर्य कलला की वारा गार होतो, आणि माणसं खरी बाहेर पडतात ती तेव्हा.

मंडप टाकलेले असतात, पाण्याचे टँकर उभे असतात, भोजनदानाच्या रांगा लागतात. मोठ्या कढयांत पुऱ्या, बाजूला बटाट्याची भाजी, बुंदी. वाढणाऱ्यांत महूचे सगळे असतात. त्या रात्री सदर बाजारातला व्यापारी शटर अर्धं उघडं ठेवतो, कारण लहान मुलाला दूध गरम करून हवं असतं. पुस्तकांच्या दुकानांवर मराठी आणि हिंदी शेजारी-शेजारी असतं. बावीस प्रतिज्ञांची पत्रकं, घटनेच्या प्रती, चरित्रं, फोटो, दिनदर्शिका. मराठी पुस्तकांची इतकी विक्री माळव्यात वर्षभरात दुसऱ्या कुठल्या दोन दिवसांत होत असेल, असं मला वाटत नाही. रात्री बाराला फटाके आणि घोषणा, पहाटे बुद्धवंदना, मग दर्शनाची रांग.

एका वर्षी मैदानाच्या कडेला चटई टाकून बसलेल्या अकोल्याकडच्या आजींशी बोललो होतो. रात्री कुठे झोपणार, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “बाबासायबाच्या घरी आलो आमी, निजाले गादी कायले पायजे?” त्यांच्या सुनेने मात्र हळूच विचारलं, “भाऊ, बायांसाठी संडास कोणीकडे हाय?” दोघींचंही म्हणणं या प्रकरणात नोंदवायला हवं, कारण पहिल्या वाक्याच्या भरवशावर दुसऱ्याचं उत्तर टाळलं जातं. श्रद्धा आहे म्हणून माणूस उघड्यावर निजतो. त्यामुळे व्यवस्थेचं काम झालं असं होत नाही.

तरीही मला इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची आहे. लाखावर माणसं आणि लष्करी संस्था इतक्या जवळ असताना हा उत्सव शांततेत पार पडतो, याचं श्रेय छावणीच्या मोकळ्या मैदानांना आणि लष्कराच्या समजुतीलाही आहे. कुठल्याही वाढत्या शहरात एवढी रिकामी जमीन जन्मस्थळाच्या आसपास उरलीच नसती. कधीच प्लॉट पडले असते. जमीन कुणाची नसण्याने ऐंशी वर्षं आठवण हरवली, आणि जमीन विकली न गेल्यामुळे आज माणसांना टेकायला जागा आहे. वाहतूक वळवणं, संस्थांच्या रस्त्यांवर पहारा ठेवून बाकीचे रस्ते मोकळे सोडणं, जिल्हा प्रशासन, छावणी बोर्ड आणि स्मारक समितीने एकत्र बसणं, हे दरवर्षी होतं. प्रश्न उरलेल्या वर्षाचा आहे. सप्टेंबरातल्या एखाद्या मंगळवारी परभणीहून आलेल्या कुटुंबाला महूत स्वस्तात मुक्काम करायचा असेल तर हातात फारसं काही नसतं. बहुतेक जण दर्शन घेऊन संध्याकाळच्या आत इंदूर गाठतात.

तुटलेली गाडी

येणाऱ्यांची वाट कशी बदलली, हेही महत्त्वाचं आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि खंडवा ते इंदूर मीटरगेज लाइन उभी राहिली. महूहून पाताळपाणी, कालाकुंडचा घाट उतरून ती नर्मदा ओलांडायची. तिथून खंडवा, आणि पुढे अकोट, अकोला. पूर्णा-अकोल्याकडचा माणूस एका गाडीत बसून महूला उतरू शकत होता. मीनाक्षी एक्सप्रेस अनेकांना आठवत असेल. होळकरांच्या पैशाने बांधलेली लाइन वऱ्हाडातल्या आंबेडकरी माणसाला जन्मभूमीला पोहोचवत होती. इंदूरच्या दोन मराठी इतिहासांची गाठ खऱ्या अर्थाने कुठे पडली असेल तर या रुळांवर.

रुंदीकरणासाठी ही लाइन तुकड्या-तुकड्याने बंद झाली. अकोला ते खंडवा मीटरगेज २०१७च्या सुरुवातीला थांबली. मेळघाट व्याघ्रप्रकल्पातून जाणाऱ्या टप्प्यामुळे तिथला पेच लांबला. महूकडचा उरलेला मीटरगेज टप्पाही २०२३मध्ये थांबला. पाताळपाणी-कालाकुंड हेरिटेज गाडी पर्यटकांसाठी आहे. रुंदीकरण हवंच होतं, त्यावर वाद नाही. पण तोवर वऱ्हाडातल्या मजूर कुटुंबाला इंदूर-इच्छापूर रस्त्याने जीप भाड्याने घेऊन किंवा मोठा वळसा घालून इंदूरमार्गे यावं लागतं. पूर्वी तिकिटाचे जे पैसे लागत त्याच्या कितीतरी पट खर्च होतो. महूहून आज कामाख्या आणि वैष्णोदेवीला थेट गाडी आहे. अकोल्याला त्या जुन्या जवळच्या वाटेने जाणारी गाडी नाही.

जबाबदार कोण

छावणीचा कारभार २००६च्या कँटोन्मेंट कायद्याने चालतो. बोर्डाचा अध्यक्ष स्थानिक लष्करी अधिकारी असतो, मुख्य कार्यकारी अधिकारी संरक्षण संपदा सेवेतला असतो. महूसारख्या मोठ्या, पहिल्या श्रेणीच्या छावणीत नागरिकांनी निवडून दिलेले आठ सदस्य असायला हवेत. देशभरातल्या छावण्यांमध्ये शेवटच्या सर्वसाधारण निवडणुका जानेवारी २०१५मध्ये झाल्या. मुदतवाढ संपल्यावर २०२१पासून ‘व्हेरिड बोर्ड’ आलं, म्हणजे लष्करी अध्यक्ष, कार्यकारी अधिकारी आणि एक नेमलेला नागरिक. २०२३मध्ये निवडणुका जाहीर होऊन रद्द झाल्या. कारण छावण्यांतला नागरी भाग वेगळा काढून शेजारच्या नगरसंस्थांत मिळवण्याचं धोरण पुढे आलं. हिमाचलमधली योल ही छावणी त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिल्यांदा बाहेर काढली गेली.

महूकरांना यात काय वाटतं, याचं एकच उत्तर नाही. बंगल्यातल्या कुटुंबाला जमीन आपल्या नावावर होण्याची आशा आहे. सदर बाजारातल्या दुकानदाराला बांधकामाच्या परवानगीतून सुटका हवी आहे. जुन्या माणसांना भीती आहे की झाडं आणि मैदानं जातील आणि पीथमपूरपर्यंत सगळी एकच काँक्रीटची पट्टी होईल. मला ही भीती सगळ्यांत खरी वाटते. शेजारीच महूगावची नगरपरिषद आहे, पीथमपूरचे कारखाने जवळ आहेत, इंदूर पसरत इकडेच येतं आहे. जमिनीचा भाव उठला की एप्रिलातल्या दोन रात्रींसाठी मैदान रिकामं ठेवणं कुणाला परवडेल?

या चर्चेत येणाऱ्या यात्रेकरूचं नाव कुठेच नसतं. तो मतदार नाही, भाडेकरू नाही, करदाता नाही. स्मारक समिती त्याची बाजू मांडते, पण तिचं बोलणं स्मारकाच्या कुंपणापुरतं ऐकलं जातं. आणि निवडून आलेला एकही सदस्य नसलेल्या बोर्डासमोर स्थानिक माणसाचंच ऐकणारं कुणी नाही, तर परभणीच्या माणसाचं कोण ऐकणार?

म्हणून विलीनीकरण होवो न होवो, काही गोष्टी आत्ताच कागदावर याव्यात असं मला वाटतं. स्मारकाभोवतीची जी मैदानं जयंतीला वापरली जातात, त्यांच्या सर्व्हे नंबरांसह ‘सार्वजनिक उपयोगासाठी राखीव’ अशी नोंद व्हावी आणि हस्तांतरणाच्या अटींत ती जावी. बारमाही धर्मशाळा आणि स्वच्छतागृहं ही जयंतीच्या तात्पुरत्या खर्चातून वेगळी काढून कायमच्या अंदाजपत्रकात यावीत. अकोला-खंडवा-महू थेट गाडीची मागणी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्हीकडच्या खासदारांनी एकत्र लावून धरावी. आज ती दोन वेगवेगळ्या रेल्वे विभागांच्या फाइलींत अर्धी-अर्धी पडून राहते.

आणि इंदूरच्या आपल्या मराठी संस्था. त्यांच्याकडे सभागृहं आहेत, ग्रंथालयं आहेत, शंभर-शंभर वर्षांच्या परंपरा आहेत, नाटकाला हाउसफुल्ल गर्दी करणारा सभासद आहे. त्यातल्या बहुतेकांची महूशी ओळख पावसाळ्यात पाताळपाणीचा धबधबा पाहायला जाण्यापुरती आहे. १३ एप्रिलला वऱ्हाडी, खानदेशी, नागपुरी बोलणारी हजारो माणसं आपल्या शहराच्या स्थानकावर उतरतात, महूची गाडी शोधतात, आणि त्यांच्याशी मराठीत बोलायला तिथे आपल्यातलं कुणी उभं नसतं. मदतीचं एक टेबल, पिण्याचं पाणी, महूच्या लोकल आणि बसची वेळ लिहिलेला मराठी फलक, रात्री उशिरा आलेल्या कुटुंबांसाठी सभागृहाचा एक हॉल. यातल्या कशालाच संरक्षण खात्याची परवानगी लागत नाही. संस्थांच्या वार्षिक सभा जवळ येत आहेत. हा ठराव कुणी मांडला तर अनुमोदन द्यायला मी आहे.